तरुणपणाची मुदतवाढ



राज्यसेवेची २०२० सालची पूर्वपरीक्षा ५ एप्रिल २०२० रोजी व्हायची होती. ती २६ एप्रिलवर गेली. मग १३ सप्टेंबर ठरली, मग २० सप्टेंबर, मग ११ ऑक्टोबर, मग थेट १४ मार्च २०२१. त्या १४ मार्चला तीन दिवस उरले असताना तीही पुढे ढकलल्याचं पत्रक निघालं आणि पुण्यात शास्त्री रस्त्यावर मुलं उतरली. शेवटी २१ मार्चला परीक्षा झाली. यातल्या प्रत्येक तारखेचं खापर साथीवर फोडता येणार नाही; एकदा दुसऱ्या परीक्षेची तारीख आडवी आली, एकदा आरक्षणाचा पेच आला. पण सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्या, मेसचा डबा आणि अभ्यासिकेची फी गावाकडच्या पैशावर भागवणाऱ्या मुलाला कारणाशी काय करायचं? त्याच्या लेखी एक अख्खं वर्ष गेलं.

महासाथीच्या काळात तरुणांच्या रोजगाराचे कार्यक्रम कसे बदलले, हा मला दिलेला विषय. ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी हाताला काम शिकवण्यात हयात घालवली, म्हणून विषय योग्यच आहे. या विषयावर सरकारी अहवाल पुष्कळ आहेत आणि त्या सगळ्यांत एक शब्द ठाण मांडून बसलेला आहे: ऑनलाइन. वर्ग ऑनलाइन झाले, मेळावे ऑनलाइन झाले, मुलाखती ऑनलाइन झाल्या. मला आज वेगळं काही सांगायचं आहे. या कार्यक्रमांनी जागा चटकन बदलली, वेळेचा हिशेब मात्र तसाच ठेवला. आणि तरुणांचं नुकसान झालं ते मुख्यतः वेळेचं.

म्हाताऱ्यांच्या पेन्शनला किंवा शेतकऱ्याच्या पीकविम्याला वयाची वरची मर्यादा नसते. तरुणांच्या योजनेला ती असते. पंचवीस, एकोणतीस, पस्तीस, काहीही असो, त्या दिवसानंतर माणूस त्या योजनेसाठी संपतो. टाळेबंदीत कारखाना बंद होता, कचेरी बंद होती, वय चालू होतं.

आधी आकार लक्षात घेऊ. केंद्र सरकारच्या श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत शहरी भागात १५ ते २९ वयोगटातला बेरोजगारीचा दर सुमारे ३५ टक्क्यांवर गेला; त्याआधीच्या तिमाहीत तो २१ टक्क्यांच्या आसपास होता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने मे २०२० मध्ये सांगितलं, की साथ सुरू झाल्यापासून जगातल्या दर सहा तरुणांमागे एकाहून अधिकांचं काम थांबलं आहे. तरुण माणूस आस्थापनेत शेवटी आलेला असतो म्हणून बाहेरही पहिला जातो. हॉटेल, दुकानं, बांधकाम, कुरिअर, मॉल ही त्याची ठिकाणं, आणि तीच आधी बंद झाली. यावर कुणी म्हणेल, तरुण आहेत, दोन वर्षांत सावरतील. तसं होत नाही. लिसा कान या अमेरिकन अर्थतज्ज्ञ बाईंनी १९७९ ते १९८९ या काळात पदवीधर झालेल्यांचा माग काढला. मंदीच्या वर्षी बाहेर पडलेल्यांचे पगार पुढे पंधरा वर्षांनीही मागेच राहिलेले दिसले. सुरुवात चुकली की मागून पडणारं पाऊलही चुकतं.

आता आयटीआयकडे वळू, कारण मला खरी कळकळ तिथली आहे.

राज्यात चारशेहून अधिक सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, खासगी वेगळ्या. मार्च २०२० मध्ये त्यांची कुलपं लागली. कित्येक ठिकाणी वर्गखोल्यांत विलगीकरणाच्या खाटा पडल्या. काही संस्थांनी वेगळं वळण घेतलं: शिवणकामाच्या ट्रेडच्या मुलींनी मास्क शिवले, ओडिशातल्या बेरहामपूरच्या आयटीआयने अतिनील किरणांनी खोली निर्जंतुक करणारा यंत्रमानव बनवला. हे कौतुकाचं आहे आणि मी ते मनापासून करतो. पण बाकीच्या लाखो मुलांसाठी जे झालं ते असं: भारत स्किल्स नावाचं पोर्टल आणि ॲप होतं, चेन्नईच्या राष्ट्रीय शैक्षणिक माध्यम संस्थेने ऑनलाइन वर्ग सुरू केले, निदेशकांनी व्हॉट्सॲपवर गट केले आणि फिटर ट्रेडचा मुलगा फोनवर कानस चालवण्याचा व्हिडिओ बघू लागला.

ज्यांनी कानस हातात धरली आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा आवळायचा, डावा पाय पुढे, कानशीच्या मुठीवर उजवा तळहात, टोकावर डावा. पुढे जाताना दाब, मागे येताना सैल. नवशिक्याची कानस डुलते आणि सपाट व्हायच्या ऐवजी पृष्ठभाग मधोमध फुगतो. मग गुण्या लावून उजेडाकडे धरायचा, फट दिसते का बघायची. चांगला निदेशक वर्कशॉपच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून उभा असला तरी नुसत्या आवाजावरून ओळखतो, की तिसऱ्या टेबलावरच्याचा दाब चुकतो आहे. फोनमध्ये हा आवाज येत नाही. फोनमध्ये शिकवता येते ती वर्कशॉप कॅलक्युलेशन, एम्प्लॉयबिलिटी स्किल्स आणि सुरक्षेचे नियम. म्हणजे जे विषय मुलं एरवीही कंटाळून ऐकतात तेवढेच चालू राहिले.

यात दोष कुणाचा, यापेक्षा उपाय कोणता होता, हे बघा. प्रात्यक्षिकाचे बुडालेले महिने परत द्यायला हवे होते, म्हणजे सत्र लांबवायचं, वर्कशॉप दोन पाळ्यांत उघडायचं, निदेशकांना त्याचे पैसे द्यायचे. प्रत्यक्षात एरवी जुलै-ऑगस्टच्या सुमारास होणारी अखिल भारतीय परीक्षा वर्षअखेरीकडे ढकलली गेली. तेवढ्या काळात कारखान्यांत शिकाऊ उमेदवारीची दारं अर्धी मिटलेली. प्रमाणपत्र हातात नाही म्हणून उमेदवारी नाही, उमेदवारी नाही म्हणून अनुभव नाही. एक गोष्ट मात्र बरी झाली. जे आधीच शिकाऊ उमेदवार होते, त्यांचं विद्यावेतन टाळेबंदीतही चालू ठेवा, असं केंद्राने आस्थापनांना सांगितलं. कामावर येता आलं नाही हा मुलाचा अपराध नव्हे, हे त्या सूचनेत मान्य होतं. एवढं साधं तत्त्व, पण बाकी ठिकाणी ते शोधावं लागतं.

कौशल्य विकासाच्या अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांचं तर यंत्रच वेगळं. तिथे तेव्हा सरकार प्रशिक्षण संस्थेला हप्त्यांत पैसे देई: तुकडी सुरू झाली की काही, प्रमाणपत्र मिळालं की काही, नोकरी लागली की उरलेले. हजेरी बोटाच्या ठशावर, आधारला जोडलेली. खोट्या तुकड्या दाखवून पैसे उचलण्याचे प्रकार रोखायला ही व्यवस्था आली आणि तिचं कारण रास्तच होतं. पण मार्च २०२० नंतर एकाच यंत्रावर चाळीस मुलांनी बोट टेकवायचं हे कुणाच्याच मनात येणं शक्य नव्हतं. हजेरी नाही तर तुकडी पुढे सरकत नाही, तुकडी सरकत नाही तर हप्ता नाही, हप्ता नाही तर भाड्याच्या जागेत केंद्र चालवणाऱ्या छोट्या संस्थेने प्रशिक्षकाला घरी पाठवलं. पुढे जानेवारी २०२१ मध्ये प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेचा तिसरा टप्पा आला. तोवर कित्येक तालुक्यांतली केंद्रं पाटीपुरती उरली होती. भ्रष्टाचार अडवणारी कुंपणं साथीच्या दिवसांत कामाच्याही आड येतात आणि ती तात्पुरती कशी उघडायची याचा नियम आधी लिहिलेला नसेल, तर कुठलाही अधिकारी आपल्या सहीने ती उघडत नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. लेखापरीक्षण त्याच्या मागे निवृत्तीनंतरही येतं.

रोजगार मेळाव्यांबद्दल थोडक्यात. राज्य सरकारने ६ जुलै २०२० रोजी ‘महाजॉब्स’ पोर्टल सुरू केलं. परप्रांतीय कामगार श्रमिक गाड्यांनी परतले होते, कारखान्यांना माणसं हवी होती, इथल्या मुलांना काम हवं होतं. कल्पना वेळेवरची होती. राज्याच्याच ‘महास्वयम’ पोर्टलवरही जिल्ह्याजिल्ह्याचे ऑनलाइन मेळावे झाले. पण काम मागणारे एकीकडे ढिगाने आणि जागा देणारे एकीकडे मूठभर, हे चित्र पोर्टलने बदलत नाही, फक्त लवकर दिसतं. शिवाय चाकणच्या कारखान्यात रिकामी झालेली जागा बाहेरगावच्या मुलाने घ्यायची तर राहायचं कुठे, बस कुठली, पहिला पगार हाती येईपर्यंत खायचं काय, या गोष्टी नोंदणीच्या अर्जात येत नाहीत.

रोजगार हमी हा मात्र आपल्या घरचा विषय आहे. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूरला, १९६५ साली वि. स. पागे यांनी तो प्रयोग करून पाहिला. १९७२ च्या दुष्काळात तो राज्यभर उभा राहिला, १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला आणि शहरातल्या नोकरदारांच्या व्यवसाय करातून त्याला पैसा मिळाला. संकटात जन्मलेली योजना असल्यामुळे संकटात काय करायचं हे तिच्या रक्तातच होतं. मागणी करा, काम मिळेल. नाही मिळालं तर भत्ता. ही हमी पुढे केंद्राने देशभर नेली, म्हणूनच २०२० मध्ये सगळ्यांत वेगाने ताणली गेली ती हीच यंत्रणा. केंद्राने ६१,५०० कोटींच्या तरतुदीत आणखी ४०,००० कोटी घातले आणि त्या वर्षी सुमारे ३८९ कोटी मनुष्यदिवस काम निघालं. आदल्या वर्षी ते २६५ कोटींच्या घरात होतं.

तरीही तरुणाच्या नजरेतून बघा. केंद्राची तेव्हाची शंभर दिवसांची हमी माणसाला नव्हती, कुटुंबाला होती. जॉबकार्ड घराचं. मुंबईहून, सुरतेहून, पुण्याहून घरी परतलेला मुलगा त्याच शंभर दिवसांत वाटेकरी झाला. आईच्या हातची फावड्याची पाळी मुलाने घ्यायची आणि आईने घरी बसायचं, किंवा दोघांनी मिळून दिवस लवकर संपवायचे. महाराष्ट्रात शंभर दिवसांपुढचा खर्च राज्याने उचलायचा अशी आपल्या जुन्या कायद्याची सोय होती, ही आपली जमेची बाजू. पण शहरात वेल्डिंग किंवा फ्लोअर सुपरवायझरी करून आलेल्या मुलाला गावात शेततळं खणायला २३८ रुपये रोज, हा त्या वर्षीचा राज्याचा दर. पोट भरलं. त्याचं कसब मात्र गंजत गेलं. योजनेच्या कामांच्या यादीत त्याच्या कसबाला जागा नव्हती. गावच्या पाणीपुरवठ्याची मोटर दुरुस्त करणं, शाळेचं वायरिंग, ग्रामपंचायतीची डिजिटल नोंद, ही कामं मजुरीत बसवता आली असती. यादी वाढवायला साथीइतकं चांगलं निमित्त पुन्हा मिळणार नाही, असं तेव्हा वाटलं होतं. निमित्त गेलं.

आरोग्य सहायकांच्या प्रशिक्षणाकडे बघा. १८ जून २०२१ रोजी केंद्राने एक लाख तरुणांना अल्पमुदतीचं प्रशिक्षण देण्याचा कार्यक्रम सुरू केला. २६ राज्यांतली १११ केंद्रं, सहा प्रकारची कामं: घरी जाऊन रुग्णसेवा, नमुने घेणं, आपत्कालीन मदत, वैद्यकीय उपकरणं हाताळणं वगैरे. आपल्या राज्यानेही त्याच वर्षी महाआरोग्य कौशल्य विकासाचा कार्यक्रम काढला. सगळ्या बदलांत मला हा सर्वांत समंजस वाटतो. जिथे माणूस हवा आहे तिथलंच काम शिकवायचं आणि रुग्णालयातच शिकवायचं. घोडं अडलं तारखेपाशी. मे महिन्याच्या सुरुवातीला देशात दिवसाला चार लाखांहून अधिक नवे रुग्ण सापडत होते. १८ जूनला लाट पुष्कळ ओसरली होती. पहिल्या लाटेनंतर आपल्याकडे काही महिने होते. आणि कोविड केंद्रं बंद झाली तसे कंत्राटी कर्मचारी घरी गेले. ज्यांच्या स्वागताला ताटं वाजवली तेच ठिकठिकाणी जिल्हाधिकारी कचेरीपुढे ‘आम्हाला सेवेत घ्या’ म्हणत बसले. प्रशिक्षण संकटापुरतं होतं, करारही संकटापुरता. शिकलेल्या मुलीच्या पुढच्या तीस वर्षांचा विचार कुणाच्याच कामाच्या कक्षेत नव्हता.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं समजून स्वतःला बोल लावण्याची सवय आपल्याला आहे, म्हणून दोन परदेशी दाखले देतो. न्यूयॉर्क शहरात १९६३ पासून उन्हाळी युवा रोजगार कार्यक्रम चालतो. चौदा ते चोवीस वयाच्या मुलांना सुट्टीत काही आठवडे पगारी काम: वाचनालयात, पाळणाघरात, दुकानात, कचेरीत. अर्ज इतके येतात की सोडत काढावी लागते. सोडत असल्याने अभ्यासकांची सोय झाली. निवड झालेल्या आणि न झालेल्या मुलांची तुलना करता आली. २००५ ते २००८ च्या सोडतींवरचा अभ्यास सांगतो, की या मुलांचे पुढचे पगार काही वाढले नाहीत, पण तुरुंगात जाणाऱ्यांचं आणि अकाली मरणाऱ्यांचं प्रमाण घटलं. ज्या उन्हाळ्यात मुलगा रस्त्यावर असता त्या उन्हाळ्यात तो कामावर होता, इतकंच. रोजगार योजनेचं यश नोकऱ्यांच्या आकड्यात मोजणाऱ्यांनी हा निष्कर्ष भिंतीवर लावून ठेवावा.

एप्रिल २०२० मध्ये शहराने हा कार्यक्रम सरळ रद्द केला. आदल्या वर्षी सुमारे पंचाहत्तर हजार मुलं त्यात होती. मुलांनी आणि संस्थांनी ओरडा केला, जूनअखेरीस अर्थसंकल्पात पैसे परत आले आणि पस्तीस हजार जागांचा घरबसल्या करायचा पर्यायी कार्यक्रम उभा राहिला. मधले तीन महिने भांडणात गेले. आणि चौदा वर्षांच्या मुलाला चौदाव्या वर्षाचा उन्हाळा पुढच्या वर्षी देता येत नाही. तरी त्यांनी केलेली एक गोष्ट घेण्यासारखी आहे: काम दूरस्थ झालं तरी मोबदला देणं सोडलं नाही. मुलाच्या हातात रक्कम पडली. आपल्या बहुतेक ऑनलाइन अभ्यासक्रमांत मुलाने स्वतःचा डेटा खर्च करून शिकायचं होतं.

ब्रिटनने जुलै २०२० मध्ये ‘किकस्टार्ट’ जाहीर केली. सोळा ते चोवीस वयाच्या, सरकारी मदतीवर असलेल्या तरुणाला सहा महिने, आठवड्याला पंचवीस तास काम. किमान वेतन सरकार भरणार. लक्ष्य अडीच लाख. सुरुवातीला अट अशी, की मालकाने थेट यायचं तर किमान तीस जागा हव्यात, नाहीतर मध्यस्थामार्फत या. आता कोपऱ्यावरचा केशकर्तनवाला तीस पोरं कुठून ठेवणार? फेब्रुवारी २०२१ मध्ये ती अट काढली. तोवर हिवाळ्याची टाळेबंदी लागली होती, पुढे अर्थव्यवस्था उघडली तेव्हा माणसं एरवीही मिळेनाशी झाली. शेवटी सुमारे एक लाख त्रेसष्ट हजार तरुण कामाला लागले. योजना वाईट नव्हती, अट काढायला सहा महिने लागले.

आणि आता वयाकडे येतो. युरोपीय संघाने २०२० च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या ‘युवा हमी’ची मर्यादा पंचविशीच्या आतवरून तिशीच्या आतपर्यंत वाढवली. या सबंध काळातला सगळ्यांत बिनखर्चाचा आणि सगळ्यांत शहाणा बदल मला हाच वाटतो. आपल्याकडेही तो झाला, पण कसा झाला ते पाहा. वय उलटलेल्या स्पर्धा परीक्षार्थींना एक जादा संधी देण्याचा राज्य सरकारचा निर्णय १७ डिसेंबर २०२१ चा. १ मार्च २०२० पासून त्या तारखेपर्यंत ज्यांची मर्यादा ओलांडली गेली, त्यांच्यासाठी. म्हणजे जवळजवळ पावणेदोन वर्षं या मुलांना आपण आत आहोत की बाहेर हेच माहीत नव्हतं. तेवढ्यात कितीजण गावी जाऊन दुसऱ्या उद्योगाला लागले असतील?

सैन्याचं तर त्याहून कठीण. साताऱ्याच्या, कोल्हापूरच्या, बीडच्या गावांत पहाटे रस्त्याने धावणारी मुलं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. २०२० ते २०२२ मध्ये भरती जवळपास ठप्प झाली. काही ठिकाणी धावणं झालं, वैद्यकीय तपासणी झाली आणि लेखी परीक्षा होईना. मुलं सोळाशे मीटर धावून पास होती आणि तारखेची वाट बघत होती. जून २०२२ मध्ये सैन्यभरतीची अग्निपथ योजना आली, आधीच्या अर्धवट भरत्या रद्द झाल्या. देशभर असंतोष उसळला तेव्हा दोन दिवसांत वरची मर्यादा एकवीसवरून तेवीस झाली, तीही त्या एका वर्षापुरती. जे दोन दिवसांत होऊ शकलं ते दोन वर्षं का झालं नाही, या प्रश्नाचं उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

या सभागृहात जिल्हा कौशल्य विकास कार्यालयातली मंडळी आहेत, आयटीआयचे प्राचार्य आहेत, बहुधा एखाददुसरे लोकप्रतिनिधीही असतील. माझी मागणी त्यांच्याकडे आहे आणि ती छोटी आहे. तरुणांसाठी जी जी योजना तुमच्या हातून जाते, तिच्या नियमावलीत एक कलम घाला. सरकारच्याच आदेशाने केंद्र, कारखाना किंवा परीक्षा बंद राहिली, तर जितके दिवस बंद राहिली तितके दिवस वयोमर्यादेत, प्रमाणपत्राच्या मुदतीत आणि संस्थेच्या हप्त्याच्या तारखेत आपोआप वाढतील. त्यासाठी वेगळा शासन निर्णय, मोर्चा किंवा आमदाराची चिठ्ठी लागणार नाही. विद्यावेतन त्या काळात बंद होणार नाही. प्रात्यक्षिकाचे बुडालेले तास वर्कशॉप उघडल्यावर भरून दिल्याशिवाय मुलाला परीक्षेला बसवलं जाणार नाही. पुढची साथ कधी येईल ते डॉक्टर सांगतील, पूर कधी येईल ते पंचगंगा आणि कृष्णा सांगतील. हे कलम आत्ता, सगळं सुरळीत चालू असताना लिहा. पुढच्या अर्थसंकल्पी अधिवेशनाआधी त्याचा मसुदा मंत्रालयात गेला पाहिजे, आणि तो लिहायला माझी मदत लागली तर मी इथेच राहतो.